परराज्यातील जुने वाहन : सौद्यापासून ‘एमएच-१६’पर्यंत
श्रीगोंदा - काष्टीच्या बाजारात बैल घेताना दात मोजल्याखेरीज आणि चार पावले चालवून पाहिल्याखेरीज कोणी दावे हाती घेत नाही. याच तालुक्यातील माणूस सुरत, बेळगाव किंवा दिल्लीहून जुनी मोटार आणताना मात्र अनेकदा छायाचित्र पाहून बयाणा देतो आणि कागदपत्रांचे ‘नंतर पाहू’ म्हणून मोकळा होतो. गाडी दारात उभी राहते, पूजा होते, पेढे वाटले जातात. पण नोंदणी पुस्तिकेवरील नाव परगावच्या अनोळखी माणसाचेच राहते. पुढे अपघात, चोरी, विम्याचा दावा किंवा पुनर्विक्री यांपैकी काहीही उद्भवले, की स्वस्तात पडलेल्या गाडीची खरी किंमत कळते.

परराज्यातून जुने वाहन विकत घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. त्याची रीत मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत स्पष्टपणे सांगितली आहे. ही रीत सौद्यापूर्वी समजून घेतली, तर परिवहन कार्यालयातील निम्म्या खेपा वाचतात.

वाहन स्वस्त का मिळते?

भावातील फरकामागे नेहमी काही तरी कारण असते आणि ते शोधणे हे खरेदीदाराचे पहिले काम. मोठ्या शहरांत गाड्या लवकर बदलल्या जातात. त्यामुळे तेथे पुरवठा अधिक आणि भाव कमी असतो, हे एक साधे कारण. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची गोष्ट वेगळी आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईबाबत काही दिलासा देणारे आदेश दिले असले, तरी या निर्बंधांच्या धास्तीने तेथील अनेक डिझेल गाड्या वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीच बाजारात आल्या. अशी गाडी यांत्रिकदृष्ट्या उत्तम असू शकते. मात्र मुदत उलटलेली गाडी असेल, तर ना हरकत प्रमाणपत्र मिळेल की नाही, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावी.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे. केरळमधील २०१८ चा महापूर, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर, चेन्नईतील २०१५ ची अतिवृष्टी यांसारख्या आपत्तींनंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात. आसनपट्टा पूर्ण ओढून त्याच्या टोकाशी चिखलाचा डाग दिसतो का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज चढला आहे का, दिव्यांच्या काचेआड ओलाव्याचे वर्तुळ उमटले आहे का, हे पाहावे. विजेच्या तारांत एकदा पाणी शिरले, की बिघाड वर्षभरानेही डोके वर काढतो.

सौद्यापूर्वीची तपासणी

सर्वप्रथम नोंदणी पुस्तिका पाहावी आणि गाडीशी ताडून घ्यावी. चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचावेत. आकडे खरवडलेले, पुन्हा ठोकलेले किंवा रंगाखाली दडलेले आढळले, तर सौदा तेथेच सोडावा. केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकल्यास नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विमा व पीयूसीची मुदत आणि कर्जाचा बोजा आहे किंवा नाही, ही माहिती मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर ते वाहन चोरीच्या नोंदीत आहे का, हेही तपासता येते.

नोंदणी पुस्तिकेत बँक अथवा वित्तसंस्थेचे नाव असेल, तर ‘कर्ज केव्हाच फिटले’ हे विक्रेत्याचे शब्द पुरेसे नाहीत. वित्तसंस्थेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि तिचे ना हरकत पत्र सादर होऊन नोंदणी पुस्तिकेवरील बोजा उतरलेला असला पाहिजे. हे काम मूळ कार्यालयातच, विक्रेत्याने आपल्या हयगयीवर न सोडता, सौद्यापूर्वी पुरे करावे हे उत्तम.

गुजरातकडून येणाऱ्या अनेक गाड्यांना सीएनजी संच असतो. त्याची नोंद पुस्तिकेत इंधनाच्या रकान्यात असलीच पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी जलदाब चाचणी झालेली असावी. नोंद नसलेला संच नव्या कार्यालयातील तपासणीत अडतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला आक्षेप घेण्यास आयते कारण देतो. थकीत ई-चलानांची चौकशीही याच टप्प्यावर करावी. ती भरल्याखेरीज पुढील व्यवहार बहुतेक ठिकाणी सरकत नाही.

बारा महिन्यांचा गैरसमज

परराज्याच्या क्रमांकावर वर्षभर गाडी चालवता येते, ही समजूत श्रीगोंद्यातच नव्हे, तर सर्वत्र पक्की रुजलेली आहे. तिचे मूळ कायद्याच्या कलम ४७ मध्ये आहे. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, असे ते कलम सांगते. नोकरीनिमित्त बदली होऊन आपली स्वतःची गाडी घेऊन आलेल्या माणसाला ही मुदत उपयोगी पडते.

गाडी विकत घेणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. येथे मालकच बदललेला असतो आणि मालकी हस्तांतरणाला कलम ५० लागू होते. त्यानुसार खरेदीदाराने आपल्या निवासाच्या किंवा व्यवसायाच्या, म्हणजे वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाणार आहे त्या ठिकाणच्या नोंदणी प्राधिकरणाला, तीस दिवसांच्या आत हस्तांतरण कळवावयाचे असते. विक्रेत्यावरही जबाबदारी आहे. राज्यांतर्गत विक्रीत त्याला चौदा दिवसांची, तर राज्याबाहेरील विक्रीत पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. बारा महिन्यांच्या भरवशावर स्वस्थ बसलेला खरेदीदार म्हणूनच पहिल्याच महिन्यानंतर नियमबाह्य ठरतो आणि विलंबापोटी त्याच्याकडून जादा शुल्क आकारले जाऊ शकते.

ना हरकत प्रमाणपत्र : व्यवहाराचा कणा

परराज्यातील वाहनाचा सारा व्यवहार ज्या एका कागदावर उभा राहतो, तो म्हणजे कलम ४८ अन्वये मूळ नोंदणी कार्यालयाने दिलेले ना हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी फॉर्म २८ मध्ये अर्ज करावा लागतो. अर्ज नोंदणीकृत मालकाने, म्हणजे विक्रेत्याने करावयाचा असतो. वाहनावर कर थकीत नाही, ते चोरीच्या गुन्ह्यात गुंतलेले नाही आणि कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची संमती आहे, याची खातरजमा करून कार्यालय प्रमाणपत्र देते. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिले गेले असे मानण्याची तरतूद कायद्यात आहे. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय नव्या कार्यालयात पाऊल टाकण्यात अर्थ नाही.

या प्रमाणपत्रावर वाहन कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत जाणार, त्याचे नाव असते आणि नेमकी येथेच चूक होते. श्रीगोंदा तालुका अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि त्याची मालिका एमएच-१६ आहे. त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागासाठी श्रीरामपूरचे कार्यालय असून त्याची मालिका एमएच-१७ आहे. भीमेपलीकडचा दौंड तालुका बारामतीच्या एमएच-४२ मध्ये मोडतो, तर पुणे शहराची मालिका एमएच-१२ आहे. परराज्यातील दलाल सवयीने ‘पुणे’ किंवा ‘मुंबई’ लिहून मोकळा होतो. असे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या श्रीगोंदेकराला दुरुस्तीसाठी पुन्हा शेकडो किलोमीटर दूरच्या मूळ कार्यालयाचे दार ठोठवावे लागते. अर्ज भरतानाच कार्यालयाचे नाव स्वतः डोळ्यांखालून घालावे.

हस्तांतरणाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात विक्रेता आपल्याच नावाने प्रमाणपत्र घेऊन खरेदीदाराला देतो आणि मालकी बदल व नवा क्रमांक ही दोन्ही कामे खरेदीदाराच्या कार्यालयात होतात. दुसऱ्यात मूळ राज्यातच मालकी बदलून मग प्रमाणपत्र घेतले जाते. परंतु त्यासाठी खरेदीदाराचा त्या राज्यातील पत्ता लागतो. गावाकडच्या खरेदीदारासाठी पहिलाच मार्ग सोयीचा आहे.

पैसे देताना

विक्रेत्याने सही करावयाचे मुख्य अर्ज दोन आहेत. फॉर्म २९ ही हस्तांतरणाची सूचना, तर फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अहवाल, ज्यावर दोघांच्याही सह्या लागतात. मालक मृत झालेला असेल, तर वारसाने आधी फॉर्म ३१ द्वारे वाहन आपल्या नावे करून घ्यावयास हवे. लिलावात घेतलेल्या वाहनासाठी फॉर्म ३२ आहे. कोऱ्या फॉर्मांवर आगाऊ सह्या करून देणे ही दोन्ही बाजूंना घातक सवय आहे. अशा सह्यांच्या जोरावर एकच गाडी तीन-चार हात फिरते आणि नोंदीत मात्र पहिलाच मालक राहतो.

ही केवळ तात्त्विक भीती नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात एका मोटारीची लागोपाठ अनेकदा विक्री झाली होती. पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावे होती. दरम्यान अपघात झाला. कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. गाडी विकून मोकळे झालो, असे मानणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने हा निर्णय लक्षात ठेवावा.

रक्कम शक्यतो बँकेमार्फत, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात द्यावी. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. काही भाग प्रमाणपत्र मिळेपर्यंत राखून ठेवणे शहाणपणाचे. गाडी ताब्यात घेताना तारीख व वेळ नमूद केलेली ताबा पावती दोघांच्या सहीने करावी. त्या क्षणाआधीचे दंड व गुन्हे विक्रेत्याचे आणि नंतरचे खरेदीदाराचे, हे तिच्यामुळे सिद्ध करता येते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून खरेदी असेल, तर एक बाब आवर्जून पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृतता घेता येते आणि मालकाने वाहन त्याच्या स्वाधीन केल्याची सूचना प्राधिकरणाला द्यावयाची असते. अशा व्यापाऱ्याला वाहनाच्या हस्तांतरणासाठी व प्रमाणपत्रासाठी स्वतः अर्ज करण्याची मुभा आहे. अधिकृतता दाखवू न शकणाऱ्या दलालाच्या खात्यात पूर्ण रक्कम भरणे म्हणजे पाण्यात हात घालून मासा कोणाचा हे विचारण्यासारखे आहे.

गाडी आणताना

नवा क्रमांक मिळेपर्यंत जुनाच क्रमांक कायम राहतो. पाटी काढून टाकणे किंवा स्वतः बदलणे गुन्हा ठरतो. प्रवासात मूळ नोंदणी पुस्तिका, ना हरकत प्रमाणपत्र, चालू विमा, वैध पीयूसी आणि ताबा पावती जवळ असावी. विम्याची मुदत संपलेली गाडी दोन राज्ये ओलांडून चालवत आणणे हा सर्वांत महागडा धोका आहे. तृतीय पक्ष विमा सक्तीचा असून तो नसताना अपघात झाल्यास भरपाई घर-जमिनीवर येऊ शकते.

परिवहन कार्यालयात

‘परिवहन’ संकेतस्थळावर अर्ज व शुल्क भरून कागदपत्रे अहिल्यानगरच्या कार्यालयात सादर करावी लागतात. नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३०, सोबत ना हरकत प्रमाणपत्र, मूळ नोंदणी पुस्तिका, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा जोडावा. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो. म्हणून बाहेरून लावलेले भडक दिवे, काळ्या काचा आणि कर्कश भोंगे आधीच उतरवून जावे.

वाहनाचे वयही येथे महत्त्वाचे ठरते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर त्याखेरीज. चौदा वर्षांची गाडी ‘मातीमोल’ भावात घेणाऱ्याने पुढील वर्षीचा हा खर्च आजच हिशेबात धरावा.

नवा क्रमांक मिळाल्यावर उच्च सुरक्षा पाटी नव्याने बसवावी लागते. जुन्या राज्याची पाटी नव्या क्रमांकाला चालत नाही.

कराचा हिशेब

सर्वाधिक वाद होतो तो कराबाबत. ‘एकदा आयुष्यभराचा कर भरला आहे, पुन्हा कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण मोटार वाहन कर हा राज्याचा विषय आहे. कर्नाटकात भरलेला कर कर्नाटकाच्या तिजोरीत गेला. महाराष्ट्रातील रस्त्यांसाठी येथील कायद्याप्रमाणे पुन्हा एकरकमी कर द्यावा लागतो. दर गाडीची मूळ किंमत आणि इंधनाचा प्रकार यांवर ठरतो. डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा अधिक आणि सीएनजी गाडीला सर्वांत कमी दर आहे. मात्र वाहन जुने असल्यास वयानुसार कराची रक्कम घटत जाते. म्हणून मूळ खरेदीचे बीजक विक्रेत्याकडून अवश्य मागून घ्यावे.

मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागण्याची सोय अनेक राज्यांत आहे. त्यासाठी महाराष्ट्रात नोंदणी झाल्याचा पुरावा त्या कार्यालयाकडे पाठवावा लागतो. परतावा मुळात कोणाला मिळावा, विक्रेत्याला की खरेदीदाराला, यावरून पुढे वितुष्ट येते. ते सौदापत्रातच लिहून ठेवावे. महाराष्ट्रात पूर्वी परराज्यातून आणलेल्या नव्या वाहनांवर प्रवेश कराचाही भार असे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो गेला.

विमा आपोआप बदलतो का?

अर्धाच. कलम १५७ नुसार वाहनाबरोबर तृतीय पक्ष विमा खरेदीदाराकडे गेला असे मानले जाते. पण खरेदीदाराने चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज केला पाहिजे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र असे आपोआप जात नाही. त्यासाठी कंपनीशी करार हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच स्पष्ट केले आहे. नावबदल न करता गाडी चोरीला गेली, तर हप्ता भरलेला असूनही हात रिकामे राहू शकतात. दावा न केल्याबद्दलची सवलत ही गाडीची नसून माणसाची असते. ती विक्रेत्याकडे राहते, हेही ध्यानात घ्यावे.

चाकांवरचे घर आणि उसाचे ट्रक

गेल्या काही वर्षांत एक नवे वाहन या चर्चेत आले आहे - कॅरॅव्हॅन, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आखले. केरळ, कर्नाटक किंवा गुजरातेत वापरलेली अशी गाडी घेणाऱ्याने वरील सर्व पायऱ्यांखेरीज एक प्रश्न विचारावा : नोंदणी पुस्तिकेत वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे? ‘मिनी बस’ म्हणून नोंदलेल्या गाडीत आसने काढून पलंग व शेगडी बसवली असेल, तर तो कलम ५२ खालील फेरबदल ठरतो. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. अशा वाहनांसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मान्यता मिळाल्याचे कागद मागावेत. ओढून नेण्याची, इंजिन नसलेली कॅरॅव्हॅन कायद्याने ट्रेलर होते आणि तिलाही स्वतःची नोंदणी लागते. ओढणाऱ्या मोटारीची कागदपत्रे तिला पुरत नाहीत.

श्रीगोंद्यासारख्या साखर कारखान्यांच्या तालुक्यात मात्र परराज्यातून कॅरॅव्हॅनपेक्षा मालवाहू ट्रकच अधिक येण्याचा संभव. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र व परवाना लागतो. जुना परवाना मूळ प्राधिकरणाकडे जमा करून तसे पत्र घ्यावे, कर कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे हे पाहावे आणि योग्यता प्रमाणपत्र चालू असल्याची खात्री करावी. ऊस वाहतुकीची उचल घेऊन, गळीत हंगाम तोंडावर आल्यावर ट्रक आणणाऱ्याचा हंगामच कागदांत अडकू शकतो. हे काम हंगामाच्या आधी दोन-तीन महिने हाती घ्यावे.

चौकट : थोडक्यात क्रम

१. गाडी, चासी क्रमांक व नोंदणी पुस्तिका प्रत्यक्ष ताडून पाहणे. चोरी, कर्ज, चलान यांची तपासणी.
२. बोजा असल्यास फॉर्म ३५ द्वारे तो उतरवणे.
३. विक्रेत्याने फॉर्म २८ भरून ‘अहिल्यानगर, एमएच-१६’ या नावे ना हरकत प्रमाणपत्र घेणे.
४. फॉर्म २९ व ३० वर सह्या, बँकेमार्फत रक्कम, ताबा पावती, मूळ बीजक.
५. चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज.
६. तीस दिवसांत अहिल्यानगर कार्यालयात फॉर्म २७, २९, ३० सह अर्ज, कर व तपासणी.
७. नवी पाटी, त्यानंतर मूळ राज्याकडे कर परताव्याची मागणी.

गाडीची किंमत, महाराष्ट्रातील कर, शुल्क, विमा, पाटी, आणण्याचा खर्च आणि दोन खेपांचे भाडे अशी सारी बेरीज मांडावी व ती येथील बाजारातील तशाच गाडीच्या भावाशी ताडून पाहावी. फरक उरला, तर सौदा खुशाल करावा. फरक नाममात्र असेल, तर नगर किंवा पुण्याच्या क्रमांकाची गाडी घेऊन घरी निवांत झोपणे अधिक हिताचे!